दुसरी जत्रा

जयू, आधी ह्या चिकूंचं काय करायचं ते सांग. तू गेल्यापासून घरात जो येतो तो पिशवीभर चिकू घेऊन येतो. डहाणूतला माणूस दुःखात तरी दुसरं काय आणणार? तुला चिकू आवडत नाहीत, गोड माती म्हणायचीस तू त्यांना, हे ज्यांना माहीत आहे तेसुद्धा चिकूच आणतात. तुझ्या फोटोसमोर कोणीतरी दोन ठेवून गेलं होतं. मी गुपचूप उचलले. मंजी रोज सकाळी पिकलेले वेगळे काढते, कच्चे तांदळात पुरून ठेवते आणि मला विचारते, "काका, एक खाऊ?"

हे विचारणं परत आलंय. तेच सांगायला बसलोय.

तुला आठवतं, अडीच वर्षांपूर्वी श्रावणात ती आपल्याकडे आली तेव्हा प्रत्येक गोष्ट विचारायची. पाणी पिऊ का, संडासला जाऊ का, पंख्याखाली बसू का. बालगृहात चाळीस पोरं, तिथे शिस्त लागतेच, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण सात वर्षांची पोर माठासमोर उभी राहून "काकू, पाणी पिऊ?" म्हणाली की तू तोंड फिरवायचीस. माझ्यावर डाफरायचीस, "तुम्ही हो म्हणत जाऊ नका! हो म्हटलं की ती परत विचारणार." मग मी काय करायचं, नाही म्हणायचं? असा आपला वाद. शेवटी तू तिच्या विचारण्याकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलंस. ती विचारायची, तू भाकरी थापत राहायचीस. ती उभी, तू थापतेयस. मला बघवायचं नाही. आणि एक दिवस तू धावत माझ्या डाय कोरायच्या खोलीत आलीस, हात पिठाचे, आणि कानात सांगितलंस, "न विचारता प्यायली." चोरी पकडल्यासारखा चेहरा होता तुझा. त्या दिवशी तू सुकट केली होतीस, तांदळाची भाकरी केली होतीस आणि आपण दोघं उगीचच हसत जेवलो होतो. पोरगी आपल्याकडे बघत होती, हे दोघं वेडे आहेत की काय म्हणून.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी ती माठापाशी जाऊन उभी राहिली. घर माणसांनी भरलेलं. ती कोणाला नाही, मला शोधत आली आणि म्हणाली, "काका, पाणी पिऊ?"

मी म्हणालो, "पी की गं बाळा." दुसरं काय म्हणणार? लक्ष न देता भाकरी थापत राहायला मला भाकरी कुठे थापता येते?

सगळे म्हणतात, खंबीर हो. आगर गावचा माझा दादा रोज फोन करतो, "खंबीर ऱ्हा." अरे, खंबीर राहून करू काय? पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी चालवायची म्हटली तर मी खंबीर आहे. पंचवीस वर्षं सोनारांसाठी दागिन्यांच्या छापाचे डाय कोरतोय, पानाची एक शीर चुकली तर अख्खा ठोकळा घासून पुन्हा सुरू करतो. पण हे तसलं काम नाही. इथे काय घासायचं आणि काय पुन्हा सुरू करायचं तेच समजत नाही.

तू डोंगरातली, मी खाडीकडचा. तुझ्या घरी नाचणी, माझ्या घरी बोंबील. आपलं जमलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, डोंगरातली बाय मासळीचे काटे काढील का? तू काढलेस, आणि वर आईला नाचणीची आंबील प्यायला लावलीस. मूल झालं नाही. त्याचं दुःख आपण आपापल्या कोपऱ्यात केलं, मग हळूहळू त्यावर बोलणंही सोडलं. तू तलासरीच्या पाड्यावर अंगणवाडी सांभाळायचीस, दिवसभर वीस पोरांची नाकं पुसायचीस, मला वाटायचं तुझी हौस तिथेच भागते. मग त्या मीटिंगमधून तू एक शब्द घेऊन आलीस, प्रतिपालक. मला धड उच्चारता येईना. तू समजावलंस, बालगृहातलं मूल आपल्या घरी राहतं, आपण सांभाळायचं, दोन वर्षं नीट सांभाळलं तर मग दत्तक मागता येतं. मी म्हणालो, "म्हणजे आधी उसनं?" तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

मंजीची हकीकत आपल्याला बालगृहातल्या बाईंनी सांगितली. आई वीटभट्टीवर तापाने गेली. बरोबर जो माणूस होता, तो बाप की कोण देव जाणे, त्याने पोरीला अच्छाडच्या नाक्यावरच्या एका ढाब्यावर बसवलं, आलोच म्हणाला आणि एका ट्रकमध्ये चढून गुजरातकडे गेला. ढाबेवाल्याने संध्याकाळपर्यंत वाट बघितली, तिला डाळभात घातला आणि पोलिसांना कळवलं. गाव कुठलं विचारलं तर ती म्हणे, विहीर आहे, विहिरीजवळ मोठा आंबा आहे. तलासरी तालुक्यात असा एक पाडा दाखवा जिथे विहिरीजवळ आंबा नाही. सरकारने शोधलं, पेपरात फोटो दिला, कोणी आलं नाही.

आणि तिथूनच आपलं ते भांडण सुरू झालं, जे तू अर्धं टाकून गेलीस.

गेल्या श्रावणात दोन वर्षं पूर्ण झाली. मी म्हणालो, चल, अर्ज करून टाकू. मंजी तोवर आपली झाली होती. माझ्या खोलीत बसून अभ्यास करायची, मी डायवर शिव्या घातल्या की "काका, दंड!" म्हणून एक रुपया मागायची. तुला तर आई म्हणायला लागली होती, कोणी न सांगता. मला वाटलं तू अर्ज म्हटल्यावर उड्या मारशील. तू म्हणालीस, "अजून एक जत्रा व्हायची हाय."

मला आधी समजलंच नाही. मग तू तुझ्या गावचा रिवाज सांगितलास. चुकलेली शेळी कोणाच्या अंगणात आली तर ती लगेच दावणीला बांधायची नाही. तिला खाऊपिऊ घालायचं, आजारी असेल तर औषध करायचं, पण चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत न्यायची आणि सगळ्या गावांच्या डोळ्यांदेखत फिरवायची. ज्याची असेल तो ओळखेल. एक जत्रा पुरत नाही. पहिल्या वर्षी मालक आजारी असेल, कामाला लांब गेला असेल. दोन जत्रा फिरवायची. दुसऱ्या जत्रेलाही कोणी हात धरला नाही तर ती आपली, मग कोणी बोट दाखवायचं नाही.

"पोरगी म्हणजे शेळी आहे का?" मी ओरडलो.

"शेळीला जो न्याय देतो तो पोरीला नाय द्यायचा?" तू शांतपणे म्हणालीस.

"अगं, सरकारने पेपरात फोटो दिला होता!"

"आमच्या माणसांत पेपर कोन वाचतो हो? जत्रेला मात्र सगळी येतात. भट्टीवरची येतात, बोटीवरची येतात. उद्या ती मोठी झाली नि म्हणाली, माझ्या मानसांना तुम्ही शोधलं का, तर काय सांगाल? पेपरात बघितलं म्हणून?"

मी आवाज चढवला, माझं नेहमीचंच. आपल्याकडे आल्यावरच्या पहिल्या चैत्रात तिला कांजण्या आल्या होत्या, त्यामुळे जत्रा हुकली. दुसऱ्या चैत्रात तू तिला घेऊन गेलीस. म्हणजे अजून एक बाकी. श्रावणापासून चैत्रापर्यंत थांबायचं. मी म्हणालो, कागद तरी करून ठेवू, जत्रा मग होत राहील. तू म्हणालीस, सही झाल्यावर जत्रेत फिरवायची म्हणजे देवीला फसवायचं. गणपतीत भांडलो, दिवाळीत भांडलो, संक्रांतीला तिळगूळ देतानाही भांडलो. "गोड बोला" म्हणून तूच हसलीस.

गेल्या वर्षीची जत्रा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुझी पद्धत होती. मंजीला पुढे चालवायचं, डोक्याला फडकं नाही, केस मागे घट्ट बांधलेले, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे. घाई करायची नाही. सुक्या मासळीच्या ढिगांपासून सुरुवात, मग टोपल्या-सुपांच्या रांगा, मग जिथे पाड्यापाड्याची माणसं झाडाखाली भाकऱ्या सोडून बसतात तिथे. प्रत्येक झाडाखाली थांबून तू मोठ्याने विचारायचीस, "ही पोर तलासरीच्या बाजूची. आई भट्टीवर गेली हिची. कोन वळखतं का?" आणि मी? मी बर्फाचा गोळा चोखत मागून येत होतो आणि मनात महालक्ष्मीला म्हणत होतो, माते, कोणाला ओळखू देऊ नकोस. कोणी म्हातारी मंजीकडे जरा जास्त वेळ बघायला लागली की मी घाईने मंजीला पुढे चल म्हणायचो. कोणीच ओळखलं नाही. परतताना मी इतका खूष होतो की पोरीला पाळण्यात तीनदा बसवली. तू मात्र पाळण्याखाली उभी राहून म्हणालीस, "बिचारी. एवढ्या मोठ्या जत्रेत हिचं एकपन नाय." तेव्हा मी तुझ्यावर चिडलो. आज कळतंय की आपल्या दोघांत आई कोण होतं.

शिमगा झाला आणि आठवड्याभरात तू गेलीस. सकाळी अंगणवाडीला निघाली होतीस. छातीत जड वाटतं म्हणालीस, मी म्हणालो गॅस असेल, सोडा पी. इथल्या डॉक्टरांनी वापीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. रुग्णवाहिकेत तू माझा हात धरून बोलत होतीस. मंजीला शाळेतून कोण आणणार, तिचा डबा खिडकीतच राहिलाय, ते बघा. अच्छाडला ट्रकांची रांग लागली होती, सायरन वाजवूनही गाडी सरकत नव्हती. मी म्हणालो, "जयू, तू आता बोलू नकोस." आणि तू बोलायची थांबलीस. आयुष्यभर जे सांगितलं ते कधी ऐकलं नाहीस गं, नेमकं तेव्हाच ऐकलंस.

मंजीला शाळेतून शेजारच्या हंसाबेनने आणली. डबा खिडकीतच होता, संध्याकाळी मी उघडला, भेंडीची भाजी होती.

नंतरचं तुला माहीत नाही. तेरावा झाला आणि बालगृहाकडून फोन आला की बालकल्याण समितीसमोर या. मला वाटलं, सांत्वन करतील, एक-दोन सह्या घेतील. मी पांढरा सदरा घालून गेलो, मंजीला तुझा आवडता पिवळा फ्रॉक घातला. समितीच्या बाई चांगल्या होत्या, हीच तर पंचाईत. खडूस असत्या तर भांडलो असतो, मला भांडता येतं हे तुला माहीत आहे. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, तुझ्याबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, "तुमच्यावर आमचा काही अविश्वास नाही. पण एकट्या पुरुषाकडे मुलगी ठेवता येत नाही. प्रतिपालक म्हणूनही नाही आणि दत्तक म्हणूनही नाही. हा नियम आहे आणि तो बदलणं आमच्या हातात नाही."

मी म्हणालो, "पण मॅडम, ती अडीच वर्षं आमच्याकडेच आहे."

"तुम्हा दोघांकडे होती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, दोन-तीन वर्षांत ती मोठी होईल, तेव्हा तिला काय काय लागेल, काय काय विचारावंसं वाटेल, कोणाला विचारेल? मी म्हणालो, शेजारी हंसाबेन आहे. त्या म्हणाल्या, शेजारीण पालक नसते. मी दिवसभर डायच्या खोलीत असतो, दार उघडं असतं, सगळी गल्ली बघते, असं काहीबाही सांगत राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आणि जयू, वाईट काय सांगू, मला तो नियम चुकीचा आहे असं म्हणवेना. पेपरातल्या बातम्या मीही वाचतो. उद्या आपल्या गल्लीत एकटा बाप्या परकी पोर घेऊन राहायला आला असता तर पहिली भुवई माझीच वर गेली असती. नियम ज्यांच्यासाठी केलाय ते लोक आहेतच की. मी त्यांच्यातला नाही, हे मी कोणाला कसं दाखवू? छाती उघडून दाखवायची सोय नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "दोघं असताना दत्तक झालं असतं तर आज प्रश्नच नव्हता. आई गेली तरी मुलगी वडिलांकडेच राहिली असती. दोन वर्षं तर केव्हाच झाली होती. का थांबलात?"

काय सांगणार होतो मी? जत्रेसाठी थांबलो म्हणून? शेळीचा रिवाज सांगू त्यांना? मी म्हणालो, राहून गेलं.

मंजीला आत वेगळी बोलावली होती. मी बाहेर बाकावर. ती बाहेर आली तेव्हा हातात बिस्किटाचा पुडा, न फोडलेला. "काका, खाऊ?" म्हणाली. आत काय विचारलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी तुझ्या फोटोशी भांडलो. मोठ्याने. हंसाबेन धावत आली, "भाई, आस्ते बोला ने, छोकरी ऐकते." काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. श्रावणात सही केली असतीस तर, एवढंच शंभर वेळा म्हणालो. तुझा तो न्याय, तुझी ती देवी, तुझी ती शेळी. न्याय सगळ्या जगाला द्यायचा आणि आपल्या पोरीच्या वाटेला हे? तू फोटोतून बघत होतीस, अंगणवाडीच्या पंधरा ऑगस्टला काढलेला तो फोटो, त्यात तू कोणावर तरी डोळे वटारलेत. मला वाटलं माझ्यावरच.

रस्ते शोधले नाहीत असं समजू नकोस. तुझ्या भावाकडे गेलो. त्याने हात जोडले, भावोजी, दिवाळीनंतर आम्हीच घराला कुडाचं दार लावून भट्टीवर जातो, पोरीला कुठं ठेवू? खरंच आहे त्याचं. दादा म्हणाला, "लगीन कर. पोरगी पन ऱ्हाल, तुला पन दोन घास मिलतील." तुझा तेरावा होऊन आठवडा झाला नव्हता. मी त्याला काहीतरी भलतंच बोललो, तो उठून गेला. आणि लाज सोडून सांगतो जयू, दुसऱ्या दिवशी मी त्याही रस्त्याची चौकशी केली. लग्नाला दोन वर्षं झाल्याशिवाय जोडपं धरत नाहीत म्हणे. तोही दरवाजा बंद. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

मग बालगृहाच्या ताईंचा फोन आला. निर्णय झाला होता. सोमवारी मंजीला घेऊन या. तिच्यासाठी दुसरं जोडपं बघतील, चांगलं घर मिळेल, तुम्ही भेटायला या असं आत्ता सांगता येत नाही, नवीन घरात रुळायला वेळ लागतो. आणि म्हणाल्या, "तिला नीट समजावून आणा. मुलांना आधी सांगितलेलं बरं असतं."

मी बरं म्हणून फोन ठेवला. मंजी समोरच बसून शाळेचं चित्र रंगवत होती. म्हणाली, "काका, शनिवारी जत्रेला जायचं ना? आईची एक राहिलीय."

आईची एक राहिलीय. तिला सगळं माहीत होतं. तू तिला केव्हाच सांगून ठेवलं होतंस, दोन जत्रा झाल्या की तू आमची. मला वाटत होतं ही आपल्या दोघांतली भांडणं आहेत, पोरीला काय समजतंय. तू तिच्यापासून काही लपवत नव्हतीस. मी मात्र अजून लपवतोय.

गेलो काल. केस मी बांधले, घट्ट बसले नाहीत, तिने पुन्हा स्वतः बांधले. रिक्षा महामार्गाला लागली तशी ती देवीच्या गडाकडे बघून हात जोडायला लागली, तुझ्यासारखी. गर्दी दरवर्षीची, सुक्या मासळीचा तोच वास, तेच पाळणे, त्याच बांगड्या. ती पुढे चालायला लागली. मी मागे. पहिल्या झाडाखाली थांबलो, माणसं भाकरी खात होती, त्यांनी वर बघितलं. मी पुटपुटलो, ही पोर, तलासरीची बाजू, असं काहीतरी. एक माणूस म्हणाला, काय विकता?

मंजीने मागे वळून बघितलं. "काका, मोठ्याने बोला. आई मोठ्याने बोलायची."

मग बोललो गं. ज्या आवाजात तुझ्याशी भांडायचो त्या आवाजात बोललो. ही पोर तलासरीच्या बाजूची, आई भट्टीवर गेली हिची, कोण ओळखतं का? झाडामागून झाड. आणि ह्या वर्षी मी देवीला उलटं मागत होतो. माते, कोणीतरी ओळखू दे. आजी असू दे, मावशी असू दे, लांबची चुलती असू दे, झोपडीत राहणारी असू दे, पण हिचा हात धरून आमची आहे म्हणणारी एक बाई समोर येऊ दे. सोमवारी चाळीस पोरांच्या रांगेत उभं करण्यापेक्षा मी तिला आनंदाने देऊन टाकेन. वर्षभरात माझी मागणी अशी फिरली. देवीलाही हसू आलं असेल.

शेवटच्या झाडाखाली एक म्हातारी होती. तिने मंजीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. खूप वेळ बघत राहिली. "असंच कपाळ आमच्या पाड्यात एका बायचं व्हतं," म्हणाली. तुझी शपथ, मला तेव्हा काय हवं होतं ते मला सांगता येणार नाही. होही म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस, असंच वाटत होतं.

म्हातारीने मान हलवली. "नाय. तिला पोरगेच व्हते सगळे." मग मंजीलाच विचारलं, "कोनाची गं तू पोरी?"

मंजी म्हणाली, "जयवंतीची."

एकदम सहज म्हणाली, शाळेत हजेरी देतात तशी. म्हातारी माझ्याकडे बघून चिडलीच. "मंग इचारीत काय फिरतोस रं? तिला ठावं हाय ना!" आणि पुन्हा भाकरी खायला लागली.

मी मंजीला पाळण्यात बसवली. एकदाच, तिनेच पुरे म्हटलं. तिने तुझ्या नावाने ओटी घेतली, देवीला वाहिली. सुके बोंबील घेतले, घासाघीसही तिनेच केली. परतताना रिक्षात माझ्या दंडाला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, मला वाटलं झोपली. आणि एकदम म्हणाली, "काका, झाल्या दोन."

मी हो म्हणालो.

आज सकाळी ती उठली, अंगण झाडलं, बोंबील उन्हात टाकले. मग माठाकडे गेली. मी डायच्या खोलीतून बघत होतो, हातातली छिन्नी तशीच धरून. तिने तांब्या घेतला, पाणी ओतलं आणि प्यायली. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आज रविवार आहे, जयू. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.